पुण्यातल्या पहिल्या सेटआधी

सांगली

प्रिय राहुल,

सप्रेम नमस्कार.

पुण्यातल्या क्लबनं तुला वॉर्म-अपचा, म्हणजे मुख्य कलाकाराआधी वाजवायचा सेट दिला हे वाचून मन भरून आलं. नऊ ते साडेदहाची वेळ दुय्यम समजू नकोस गड्या. नव्या डीजेला पुन्हा बोलवायचं का, हे आयोजक बहुतेक वेळा याच दीड तासावरून ठरवतात.

वरातीत आणि गॅदरिंगला लोक पहिल्या गाण्यापासून नाचायच्या तयारीत असतात. क्लब नऊ वाजता निम्मा रिकामा असतो. तिथं 128 बीपीएमनं (मिनिटाला 128 ठोके) सुरुवात केलीस तर तुझ्यानंतरच्याला वर न्यायला काही उरत नाही. 118-120 च्या डीप हाऊसनं, म्हणजे हाऊस संगीताच्या शांत प्रकारानं सुरू कर आणि शेवटच्या वीस मिनिटांत 124 वर ये. मुख्य कलाकाराचे ट्रॅक अजिबात लावायचे नाहीत. मिक्सरचा मीटर लाल होऊ देऊ नकोस. लालमध्ये आवाज फाटतो आणि साउंडवाला मागून पातळी खाली ओढतो, म्हणजे हाती काहीच लागत नाही.

तुझं बीटमॅचिंग, म्हणजे दोन ट्रॅकचे ठोके जुळवणं पक्कं आहे, बेस मात्र अजून एकमेकांवर चढतो. दोन ट्रॅकचे किक (ड्रमचा जड ठोका) आणि बेस एकत्र वाजले की पातळी 6 डेसिबलपर्यंत उडी मारते, आवाज मर्यादेत ठेवणारा लिमिटर ती दाबतो आणि किक पार बसकी होते. फेज उलटी पडली, म्हणजे दोन्ही लहरी एकमेकींच्या विरुद्ध गेल्या तर किक गायबच होते. म्हणून येणाऱ्या ट्रॅकचा लो नॉब (बेस कमी-जास्त करणारा) आधीच पूर्ण डावीकडे ठेव. 32 बीटची फ्रेज, म्हणजे गाण्याचा एक टप्पा जिथं सुरू होते, तिथंच प्ले दाब. फेडर (आवाजाची सरकपट्टी) हळूहळू वर आण, हाय नॉब थोडा कमीच राहू दे. 16 बार (एक बार म्हणजे चार बीट) झाले की, म्हणजे 124 ला साधारण 31 सेकंदांनी, पहिल्या बीटवर एकाचा लो काढ आणि त्याच क्षणी दुसऱ्याचा दे. दोन्ही हात एकदम फिरले पाहिजेत. दोन्हीकडे गाणं म्हणणारा आवाज असेल तर एवढं लांब मिक्सिंग करूच नकोस.

पेनड्राइव्ह दोन ने, दोन्ही फॅट32 मध्ये फॉरमॅट केलेले. क्लबमधले जुने सीडीजे (डीजेचे प्लेअर) एक्सफॅट वाचत नाहीत. ट्रॅक रेकॉर्डबॉक्स या सॉफ्टवेअरमधून एक्सपोर्ट कर आणि बीटग्रिड (ठोक्यांच्या खुणा) घरीच तपास.

इकडे हॉलमध्ये वाजवताना जी घूं येते, तिचं कारण बहुतेक वेळा अर्थिंग असतं. मिक्सर एका लाइनवर आणि अँप दुसऱ्या लाइनवर असले की ती येते. दोन्ही एकाच बोर्डावर घे, आरसीएऐवजी एक्सएलआर वायर वापर. अर्थची पिन कुणी काढायला सांगितली तरी काढू नकोस, जीवावर बेतेल.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. नुसतं चांगलं वाजवून एका गावापुरतं नाव होतं, पुढं नेतो तो स्वतःचा ट्रॅक. डच डीजे मार्टिन गॅरिक्स 2013 मध्ये 17 वर्षांचा होता. ‘अ‍ॅनिमल्स’ या एका ट्रॅकनं तो जगभरच्या स्टेजवर पोचला. तुझ्याजवळ तर हलगी आहे! वादकाच्या कानात 124 चा क्लिक (ताल धरायची टिकटिक) दे, माइक हातभर लांब आणि थोडा तिरका ठेव, 24 बिटमध्ये घे, आवाजाचं टोक -12 डेसिबलच्या वर जाऊ देऊ नकोस. टिपरूचा फटका फार तीक्ष्ण असतो, वर गेला की क्लिप होतोच, म्हणजे फाटतोच. मिक्स करताना हलगी आणि क्लॅप एकाच बीटवर ठेवू नकोस, दोघांचा जोर 2 ते 5 किलोहर्ट्झमध्येच पडतो. हलगीतलं 150 हर्ट्झखालचं काढून टाक, ती जागा किकची. क्वांटाइझ (सॉफ्टवेअरनं ठोके नेमक्या तालावर ओढणं) शंभर टक्के केलंस तर हलगीची चाल मरते, निम्म्यावर थांब. सुरुवातीला आणि शेवटी 16 बार नुसता ताल ठेव, म्हणजे दुसऱ्या डीजेंना तो मिसळता येईल. वादकाचे पैसे आणि नाव आधीच लेखी ठरव. सिनेमातल्या गाण्याचा तुकडा परवानगीशिवाय घेऊ नकोस, ट्रॅक चालला की नेमका तेव्हाच तो काढून टाकायची वेळ येते.

आणि कान जप. 100 डेसिबलला सुरक्षित वेळ जेमतेम 15 मिनिटांची असते. फिल्टरवाले इअरप्लग घे, कापूस नको. बूथचा मॉनिटर फक्त मिक्सिंगपुरता वर कर.

हलगीचं रेकॉर्डिंग झालं की कच्ची वेव्ह फाइल पाठव, कुठलाही इफेक्ट न लावता. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
अजित