बेटा, तुझं प्रपोजल वाचलं

बेटा,

तू वॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं प्रपोजल वाचलं. बाबांनाही मोठ्यानं वाचून दाखवलं, त्यांना एवढंच समजलं की पोरगी बोंडअळीच्या मागं लागली. मी काही शिकलेली शास्त्रज्ञ नाही पण अंगणवाडीचे रजिस्टर भरू भरू मले एवढं तरी समजते का कोणता रकाना कामाचा अन् कोणता नुसता भरायचा म्हणून भरतात. म्हणून बोलते, राग मानू नको.

पहिले तर शीर्षक. "विदर्भातील कापसावरील गुलाबी बोंडअळीचा अभ्यास". अवं बाप्पा, विदर्भात अकरा जिल्हे, तू एकटी अन् हंगाम एक! अन् अभ्यास म्हणजे नेमकं शोधणार काय ते आत कुठंच सापडलं नाही. गाईडनं विचारलं की शेवटी कोणत्या प्रश्नाचं उत्तर भेटणार तर तुले एका वाक्यात सांगता आलं पाहिजे.

प्रश्न तर आपल्या गावातच पडून आहे. ज्याच्या विहिरीले पाणी तो मे महिन्यातच सरकी (कापसाचं बी) टोबून मोकळा होते, बाकीचे पावसाची वाट पाहतात. कृषीवाले दरसाल सांगतात मे मध्ये लावू नका, कारण मागच्या हंगामातली अळी कोषातून पतंग होऊन निघते तेव्हा तिले लवकरच्या पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, पाती (कळ्या) अन् फुलं आयती भेटतात. मग आपल्या तालुक्यात लवकर लावलेल्या अन् पावसावर लावलेल्या वावरात हिरव्या बोंडातल्या अळीचा फरक किती, बस एवढंच घे. एका हंगामात होते. तू सहा उद्देश लिहिले, त्यातले दोन ठेव. फरदडीचा, म्हणजे हंगाम संपल्यावरही उभ्या ठेवलेल्या पऱ्हाटीचा, तर काढूनच टाक, फरदड ठेवली तिचा परिणाम पुढच्या साली दिसते अन् तोवर तुझी डिग्री होऊन जाईल, शिवाय पतंग काही धुरा पाहून थांबत नाही, शेजाऱ्याची फरदड तुझ्या आकड्यात घुसणार.

भूमिकेत 2002 ला बोंडअळीले मारणारं बीटी बियाणं आलं, 2006 ला त्याचंच पुढचं बोलगार्ड-2, मग अळीनं तेही पचवलं अन् 2017 ला आपल्याकडं वावरंच्या वावरं गेली, हे बरोबर लिहिलं पण दोन पानं त्यातच गेली. ते सगळ्याले माहीत आहे. एका परिच्छेदात आटप अन् लागवडीच्या तारखेवर आधी कोणी काय केलं ते पाह्य, अकोल्यात पंजाबराव विद्यापीठाच्या लायब्ररीत बसजो, नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचं काम शोधजो, अन् त्याईचं काय पाहायचं राहून गेलं ते लिही. तुझी जागा तिथंच आहे.

आता मोजायचं. हेक्टरी पाच कामगंध सापळे (मादीच्या वासानं पतंग ओढणारे) अन् सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग आले का फवारणीची वेळ, हे पुस्तकातलं ठीक. पण सापळ्यात नर पतंग येते, बोंडात काय चाललं ते त्यातून दिसत नाही. म्हणून एकरी 20 हिरवी बोंडं फोडून पाहणं हेच मेन ठेव. ती तोडताना धुऱ्याजवळची सोपी सोपी घेशील तर सगळं वाया, वावरात आडवंतिडवं फिरून घे, अन् कशी घेणार ते प्रपोजलमध्येच लिही. दोन्हीकडं जमीन सारखी पाहिजे, वाण सारखं पाहिजे, जिनिंगजवळचं वावर तर घेऊच नको, सरकीतून तिथं पतंग निघतच राहतात.

अन् कवडी कापूस, म्हणजे अळीनं खराब केलेल्या बोंडातला, तुझ्या कागदावर कुठंच नाही! फॉर्मवर शेतकऱ्याचं नाव आहे, वेचणाऱ्या बाईचा रकानाच नाही. पऱ्हाटीच्या कोणत्या तासात (ओळीत) बोंड उकलत नाही, कुठं नख लावलं तरी कापूस निघत नाही हे मालकाच्या आधी तिले समजते कारण तिची मजुरी किलोवर आहे. पहिल्या वेच्यापासून कवडी वेगळ्या बोऱ्यात टाकायले सांगजो अन् धुऱ्यावरच काट्यावर वजन घेजो. सामानाले पैसे काही लागत नाहीत. त्या बायांचा वेळ मात्र जाते, तर त्याचे पैसे बजेटमध्ये धर, फुकट राबवून घेऊ नको.

लोकांना विचारताना सांभाळून. वाण कोणतं म्हटलं का जो तो पाकिटावरचं नाव सांगते, चोर बीटी (परवानगी नसलेलं बियाणं) लावली असं कोण तुझ्या कागदावर लिहून देईल? फवारणीचंही तसंच, 2017 ला यवतमाळकडं फवारताना माणसं मेली तेव्हापासून फॉर्म घेऊन कोणी अनोळखी आलं का लोक हात आखडता घेतात. नावाच्या जागी नंबर टाक, यादी तुझ्याजवळच ठेव, अन् हे त्याईले आधी सांग. प्रश्न पहिले मावशीवर करून पाह्य, ती जिथं "म्हंजे काय?" म्हणेल तो प्रश्न बदलायचा.

वेळापत्रक तू सेमिस्टरवर बांधलं, पऱ्हाटी सेमिस्टर पाहत नाही. गाईडची सही जुलैत झाली तर मे ची लागवड हातातून गेली, म्हणून एप्रिलमध्येच शेतकरी पक्के कर, प्रत्येक गटात दोन-तीन जास्तीचे धर, कोणी ऐनवेळी नाही म्हणतेच. फुलं लागली का डोमकळ्या (अळीमुळं न उमललेली फुलं) मोजायच्या, ऑक्टोबर-नोव्हेंबरात तर आठवड्याले चक्कर पाहिजेच, अन् तेव्हाच तुमची परीक्षा असते, ते गाईडसोबत आताच बोलून घे. पाऊस लांबला तर काय करशील हेही दोन ओळी लिही, नाहीतर विचारतीलच.

सापळ्यातले ल्यूर (वासाच्या गोळ्या) दर काही आठवड्यांनी बदलावे लागतात, तू एकदाचेच पैसे धरले. बाबा म्हणतात दुकानातून भाव काढून ठेवतो, तू किती लागतील तेवढं कळव. शनिवारी येत असशील तर नवीन कागद प्रिंट काढून आणजो, मोबाईलवर मले बारीक अक्षर दिसत नाही.

तुझी आई