गाडीचा रेट सांगता, मग पूर्ण हिशोब का सांगत नाही?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

लग्नसराई तोंडावर आलीय. आमच्या इकडं अंबाजोगाई, केज, परळी, धारूर भागात लग्न ठरलं की कार्यालय बघायचं अन् लगेच गाड्या सांगायच्या, वऱ्हाडाला क्रुझर, घरच्यांना एर्टिगा नाहीतर इनोव्हा. लग्न झालं की तुळजापूर नाहीतर माहूर आहेच. वर्षभर पेशंट न्यायला गाडी, पोराला परीक्षेच्या सेंटरवर सोडायला गाडी. म्हणजे भाड्याची गाडी ही आता चैनीची गोष्ट राहिली नाही, गरीब माणसालाही करावीच लागती. आणि म्हणूनच हे लिहायलोय, कारण फोनवर सांगतात एक आकडा अन् उतरताना मागतात दुसरा, आणि मधला फरक कुठून आला ते कुणी नीट सांगत नाही.

फोनवर फक्त किलोमीटरचा रेट सांगतात. १३ रुपये, १४ रुपये, आपल्याला वाटतं अंतर गुणिले रेट झालं काम. पण बाहेरगावच्या गाडीला रोजचे किमान ३०० किलोमीटर धरायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे आणि हे आधी सांगतच नाहीत. त्याच्यापेक्षा वाईट म्हणजे दिवस कसा मोजायचा ते. काहीजण २४ तासाचा दिवस धरतात, बरेचजण रात्री १२ ला दिवस बदलला असं धरतात. समजा पेशंटला पुढं न्या म्हणलं म्हणून रात्री १० वाजता संभाजीनगरला निघालात, दुसऱ्या दिवशी रात्री ९ ला घरी आलात. २४ तास पण झाले नाहीत, गाडी पळाली जाऊन-येऊन समजा ४३० किलोमीटर. १३ रुपयानं ५५९० रुपये व्हायला पाहिजेत. पण तारखा दोन म्हणून दिवस दोन, दोन दिवसाचे ६०० किलोमीटर, म्हणजे ७८०० रुपये. वर ड्रायव्हरचा भत्ता पण दोन दिवसाचा. २२१० रुपये न पळालेल्या किलोमीटरचे गेले. आता ज्याच्या घरचं माणूस गाडीत मागं झोपलंय तो काय त्या टायमाला घासाघीस करणार आहे का, आणि हे समोरच्याला चांगलं माहीत असतं, याचाच मला जास्त राग येतो.

दुसरं, मीटर कुठून सुरू होतं. गाडी लातूरची असली अन् तुम्ही केजच्या एखाद्या खेड्यात बोलावली तर तिथून इथपर्यंतचं येणं आणि शेवटी परत जाणं दोन्ही तुमच्या बिलात. गाडीवाल्याचं डिझेल जळतं हे खरंय, फुकट या असं कुणी म्हणत नाही. पण मग जवळच्या स्टँडची गाडी केली असती ना माणसानं! निदान सांगा तरी. गाडी दारात आली की मीटरचा फोटो काढा, उतरताना परत काढा, ड्रायव्हरदादांच्या समोर काढा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

टोलचं तर विचारूच नका. फास्टॅगमधून कट होतं त्यामुळं हातात पावती येत नाही, मेसेज जातो मालकाच्या मोबाईलवर, आणि आपल्याला शेवटी एक गोल आकडा सांगतात. नॅशनल हायवेच्या टोलनाक्यावरनं २४ तासाच्या आत परत आलं तर दोन्हीकडचा मिळून दीडपट टोल लागतो, दुप्पट नाही, आणि हे फास्टॅगमधून आपोआप होतं. पण बिलात बऱ्याचदा दुप्पट लावलेला असतो. समृद्धीवर तर जिथून चढलात अन् जिथं उतरलात त्या अंतराप्रमाणं उतरताना एकदाच पैसे कटतात, म्हणजे तिथं अंदाजानं सांगायचा प्रश्नच नाही. सरळ म्हणायचं, दादा टोलचे मेसेज दाखवा, जेवढे कटले तेवढे देतो.

तेलंगणा, कर्नाटकात जायचं असेल, म्हणजे बासर, हैदराबाद, बिदर वगैरे, तर टॅक्स म्हणून वेगळे पैसे मागतात. आधी विचारा गाडीला ऑल इंडिया टुरिस्ट परमिट (सगळ्या राज्यात चालणारा परवाना) आहे का, अन् असलं तर हा वेगळा टॅक्स कशाचा. बॉर्डरचा टॅक्स आता ऑनलाइन भरता येतो आणि त्याची पावती निघती. पावती दाखवली तर द्या. जीएसटी ५ टक्के लावायलेत तर बिलावर जीएसटी नंबर पाहिजे, कारण सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखाच्या आत असली तर साधारण रजिस्ट्रेशनच लागत नाही, मग नंबर नसताना टॅक्स कशाचा घ्यायलेत?

ड्रायव्हर लोकांबद्दल एक सांगतो, त्यांच्यावर राग काढू नका. भत्ता आपल्याकडून मालक घेतो, तो ड्रायव्हरला सगळा पोचतोच असं नाही, म्हणून तो बिचारा जेवणाचं परत विचारतो. भत्त्यात जेवण आहे का नाही हे मालकाशी आधीच बोलून घ्या. आणि रस्त्यात डिझेल टाकायला पैसे दिले तर पंपाची पावती खिशात ठेवा, शेवटी ते वजा करायचं दोघंही विसरतात.

आता पांढऱ्या पाटीच्या गाड्यांचं. स्वस्त मिळती म्हणून ओळखीतली खासगी गाडी भाड्यानं घेतात, बिनड्रायव्हरची तर लईच वाढलीत. खासगी गाडी भाड्यानं देणं कायद्यात बसत नाही, विनापरमिट भाडं मारलं तर १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे, आणि अपघात झाला तर इन्शुरन्स कंपनी क्लेम नाकारू शकते, मग सगळा खर्च अंगावर. भाड्याच्या गाडीला पिवळी पाटी असती, आपण स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळे अक्षर असतात. अशी गाडी घेताना चारी बाजूनं, टायर, आतल्या सीटा सगळ्याचा व्हिडिओ काढा, डिझेलचा काटा पण घ्या त्यात, नाहीतर जुन्या ओरखड्यापायी डिपॉझिट अडकतं. अन् कोरा चेक मागितला तर ती गाडी घेऊच नका.

हे सगळं टाळायला एक व्हॉट्सॲप मेसेज पुरेसा आहे. रेट, किमान किलोमीटर, दिवस कसा धरणार, मीटर कुठून, भत्ता, नाइट हॉल्ट (रात्रीच्या मुक्कामाचे पैसे), टोल-पार्किंग कुणाकडं, हे लिहून मालकाला पाठवायचं आणि त्याचं "ओके" आल्याशिवाय ॲडव्हान्स द्यायचा नाही. पक्कं बिल मागायचं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरलीय. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येती आणि जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखापर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही.

बरेच गाडीवाले सरळ हिशोबाचे आहेत, हप्ते फेडत रात्रंदिवस गाडी पळवतात, आणि कमी रेट सांगून नंतर वसूल करणाऱ्यांमुळं त्यांचं गिऱ्हाईक तुटतं. म्हणून माझी विनंती अशी की अंबाजोगाई, बीड, लातूर, नांदेड, परभणी सगळीकडच्या आरटीओ साहेबांनी स्टँडवर अन् ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात दरफलक लावायला सांगावं, त्यात किमान किलोमीटर आणि दिवस कसा मोजणार हे मोठ्या अक्षरात असावं, आणि गाडीमालकांच्या संघटनांनी सरकारची वाट न बघता या लग्नसराईच्या आतच ते सुरू करावं.

आपला,
एक वाचक, अंबाजोगाई (जि. बीड)