पडद्यावरच्या कोकणात आमचा मिक्सर चालत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत कोकणातल्या चित्रीकरणाच्या जागांवर आलेला लेख वाचला. मालिका-सिनेमांमुळे कोकण घरोघर पोचलं, पर्यटक वाढले, स्थानिकांच्या हाताला काम मिळालं, असा त्याचा सूर होता. काम मिळालं हे खरं. आम्हालाही मिळालं. दापोली तालुक्यात समुद्राकाठी आमच्या भाड्याच्या दोन खोल्या आणि घरगुती खानावळ आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या घरात तीन दिवस एका मालिकेचं शूटिंग झालं. पैसे ठरल्याप्रमाणे मिळाले, माणसंही वागायला चांगली होती, तेव्हा त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण त्या तीन दिवसांत जे बघितलं त्यातलं काहीच लेखात नव्हतं, म्हणून हा पत्रप्रपंच.

पहिल्या दिवशी सकाळी सात वाजता सेट लावणारी दोन मुलं आली आणि आमचं घर 'कोकणातलं' करायला लागली. पडवीचा पत्रा माडाच्या झापांनी झाकला. डिश अँटेना उतरवली. निळी ताडपत्री, प्लास्टिकच्या खुर्च्या, फ्रिज, मिक्सर, मुलीच्या सीईटी क्लासचं भिंतीवरचं वेळापत्रक, सगळं मागल्या दारी गेलं. स्वयंपाकघर आम्ही गणपतीआधी रंगवलं होतं, तिथे त्यांनी स्पंजने काजळी थापली. चूल हवी होती. ती आमच्याकडे नव्हती, तर माजघराच्या कोपऱ्यात विटा मांडून, माती लिंपून नवी जुनी चूल तयार केली. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "माझी तीस वर्षं त्या धुरात गेली. चूल मोडली त्या दिवशी मी आळीत पेढे वाटले होते." मग त्यांनाच गाऊन बदलून नऊवारी नेसायला सांगितलं, कारण एका प्रसंगात मागून एक म्हातारी चालत जायला हवी होती. सासूबाई जन्मात नऊवारी नेसलेल्या नाहीत. मेकअपवाल्या बाईंनी नेसवली.

शेजारचा मुलगा कृषी विद्यापीठात शिकतो. त्याला एक मालवणी वाक्य मिळालं: "माका म्हायत नाय." तो बिचारा म्हणाला, "सर, आमच्याकडे असं बोलत नाहीत." त्यावर उत्तर आलं, "अरे, लोकांना कोकण कळायला नको का?"

हे उत्तर माझ्या डोक्यातून जात नाही. बाणकोटपासून बांद्यापर्यंत माणूस दर दोन खाड्यांनी बोली बदलतो. आमच्याकडची बाणकोटी, चिपळूण-संगमेश्वराकडची संगमेश्वरी, बंदरावरची दालदी, काही घरांतून अजून उरलेली चित्पावनी, आणि खाली गेलात की मालवणी. पडद्यावर यातली एकच चालते. मालवणीने तो मान मिळवला, हे कबूल. गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' १९८० साली आलं, मच्छिंद्र कांबळींनी त्याचे हजारो प्रयोग केले. पण त्या नाटकात गावातली माणसं नाटक बसवतात आणि त्यांची जी फजिती होते, त्यावर हसायला समोर गिरगाव-परळचे चाकरमानी बसलेले असत. त्यांना स्टेजवर आपला काका दिसत होता. पुढे सिनेमावाल्यांनी हसू तेवढं उचललं आणि काकाला घरी ठेवलं. मग मालवणी कुणाच्या तोंडी आली? घरगड्याच्या, वॉचमनच्या, झिंगलेल्याच्या. नायक शुद्धच बोलतो, मग तो सावंतवाडीत जन्मलेला का असेना.

आता माझंही सांगते, म्हणजे मी साळसूदपणे लिहिते आहे असं वाटणार नाही. आमच्या खानावळीवर पाटी आहे: 'अस्सल मालवणी जेवण, चुलीवरचे'. आम्ही मालवणी नाही. आमचा घरचा मसाला वेगळा. मालवणी मसाला मी दापोलीच्या बाजारातून पाकिटात आणते. आधी पाटीवर नुसतं 'घरगुती जेवण' होतं, तेव्हा गाड्या पुढे निघून जात. शूटिंगवाल्यांनी करून ठेवलेली ती चूल मी मोडली नाही, उचलून अंगणात मांडली. तिच्यावर फक्त भाकरी होते. भाजी, आमटी, मासे सगळं गॅसवर. पाहुणे चुलीचा फोटो काढतात आणि आमटीला धुराचा वास आहे म्हणतात. जाताना विचारतात, "दशावतार कधी असतो इथे?" दशावतार तळकोकणातला. आमच्याकडे शिमग्याला खेळे येतात, संकासुर येतो, गणपतीत जाखडी नाचतात. ते सांगायला लागले की पाहुण्यांचं लक्ष मोबाइलमध्ये जातं. टीव्हीवर पाहिलेलं नसलं की ते खोटं वाटत असावं.

भुतांचं तर विचारूच नका. २०१६ साली सावंतवाडीजवळ आकेरीला चित्रित झालेली 'रात्रीस खेळ चाले' ही गाजलेली भुताची मालिका सुरू झाली, तेव्हा कोकणची बदनामी चालली आहे म्हणून आपल्याकडे निषेध झाले. पुढे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. तोच वाडा बघायला गाड्या भरभरून लोक जायला लागले. निषेध करणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही, पण माझ्या मते त्यांचा नेम चुकला. भूत दाखवलं म्हणून काही बिघडत नाही, भुताच्या गोष्टी आमच्या आजीने मालिकेपेक्षा चांगल्या सांगितल्या. बिघडतं ते कोकणात भुताशिवाय आणि भाऊबंदकीशिवाय दुसरं काही घडतच नाही, असं ठरून जातं तेव्हा.

घडतं ते कॅमेऱ्याच्या वाटेवर नसतं. कॅमेरा एकाच आळीत फिरतो: तुळशीवृंदावन, झोपाळा, पायरीवर रांगोळी. त्याच गावात कुणबीवाडी असते, भंडारवाडी असते, बौद्धवाडी असते. तिथे सेट लागल्याचं मी ऐकलेलं नाही. डॉ. आंबेडकरांचं मूळ गाव आंबडवे आमच्या शेजारच्या मंडणगड तालुक्यात आहे, त्यांचं लहानपण काही काळ दापोलीत गेलं, पण मालिकेतल्या कोकणाला ते माहीत नाही. हर्णै बंदरावर मासळीच्या लिलावाच्या वेळी उभे राहा, निम्मी हाक कोकणी मुसलमानांची असते. पडद्यावर ते एक तर नसतात, नाही तर रात्री होडीतून पेट्या उतरवतात. १९९३ च्या स्फोटांतलं आरडीएक्स श्रीवर्धनजवळ शेखाडीला उतरलं हे खरंच आहे. पण त्या एका होडीत पडद्याने सगळी किनारपट्टी बसवली, आणि तिला आता तीस वर्षं उलटून गेली. आंब्याच्या बागेत राखणीला आज नेपाळी कुटुंबं राहतात, त्यांची मुलं आमच्या शाळांत मराठीतून शिकतात. केवढी गोष्ट आहे ती! कुणी केली?

करणारे आहेत, नाही असं नाही. २००४ साली आलेल्या 'श्वास'मध्ये कोकणातले आजोबा नातवाचे डोळे दाखवायला शहरात येतात. मोठं दुखणं निघालं की मुंबई-पुण्याची गाडी धरायची, हे इकडच्या प्रत्येक घराने केलेलं आहे. तो सिनेमा आम्ही दापोलीत बघितला तेव्हा मध्यंतरात कुणी वडा खायला उठलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, करमणुकीचं एवढं काय मनावर घ्यायचं. तर ३ जून २०२० आठवा. निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि श्रीवर्धनपासून मंडणगड-दापोलीपर्यंत सगळं झोपवून गेलं. आमच्या अठरा गुंठे आगरातल्या, म्हणजे माड-सुपारीच्या बागेतल्या, सव्वाशे पोफळी मोडल्या, बारा माड गेले, घरावर कौल राहिलं नाही. वीज गेली, फोन गेले. बोरिवलीची नणंद नंतर सांगत होती की टीव्हीवर दिवसभर मुंबईच्या लाटा दाखवत होते, आणि संध्याकाळी मुंबईवरचं संकट टळलं म्हणून सगळ्यांनी हुश्श केलं. तिला वाटलं आम्हीही सुटलो. आमचा फोन लागला तो अकराव्या दिवशी.

मग भरपाईचा हिशेब आला तोही हेक्टरी. अहो, इथे हेक्टर आहे कुणाकडे? आमच्याकडे गुंठे असतात आणि झाडं असतात. झाडाप्रमाणे द्या म्हणून बागायतदारांना ओरडावं लागलं. पोफळ लावल्यावर सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात. पण ज्याने आगर फक्त गाण्याच्या मागे हलताना बघितलं आहे, त्याच्या लेखी ती नुसती झाडी. आमच्याकडे उतरणारे पाहुणे तर त्याला सरळ 'जंगल' म्हणतात.

इथे आपल्याशीही थोडं भांडायचं आहे. मराठीतलं पहिलं वर्तमानपत्र काढणारे बाळशास्त्री जांभेकर देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. ६ जानेवारी १८३२ ला त्यांनी 'दर्पण' सुरू केलं, शेजारी शेजारी मराठी आणि इंग्रजी मजकूर, म्हणजे इकडचं तिकडच्यालाही वाचता यावं. आज आमच्या तालुक्याची बातमी आपल्या रत्नागिरीच्या पानांत येते आणि आम्हीच ती वाचतो. दाभोळच्या खाडीत मासे मेले, डोंगर खचला, एसटीची फेरी बंद झाली, हे बोरिवलीच्या अंकात जात नाही. तिथे रविवारी जातं ते 'कोकणातली शूटिंगची ठिकाणं'. मग माझ्या नणंदेच्या मुलांना आजोळ कळणार कुठून? मालिकेतून आणि रील्समधून.

म्हणून एवढंच मागते, की महिन्यातून एक दिवस रत्नागिरी-सिंधुदुर्गचं पान जसंच्या तसं मुंबईच्या अंकात घाला. फोटो नसले तरी चालेल.

परवा पुन्हा एका शूटिंगवाल्यांचा फोन आला होता, पावसाळ्यानंतर घर हवंय म्हणून. सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. म्हणाल्या, "विचार त्यांना, म्हातारी गाऊनमध्ये चालेल का?" मी विचारलं. कळवतो म्हणाले.

आपली,
एक वाचक
ता. दापोली, जि. रत्नागिरी