मधल्या वर्षांविषयी

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

महिला मंडळाने ‘कर्करोगावर मात’ या विषयावर आईला बोलायला बोलावले, याचा मला आनंद आहे. बाबांनी काढून दिलेले भाषणाचे मुद्देही मी वाचले. त्यांत शस्त्रक्रिया आहे, केमो आहे, रेडिएशन आहे, देवाची कृपा आहे आणि त्यानंतर थेट ‘आज मी पूर्ण बरी आहे’ हे वाक्य आहे. २००८ च्या आजारपणापासूनच्या मधल्या वर्षांविषयी एकही ओळ नाही. पुढच्या महिन्यात वार्षिक तपासणी आहे आणि आई, तिथेही तू डॉक्टरांना हेच वाक्य ऐकवून उठशील, म्हणून फोनवर न बोलता मुद्दाम लिहिते आहे.

आजारानंतर तू बदललीस, हे घरात सगळ्यांनी पाहिले आहे. सर्वांची जेवणे उरकल्याखेरीज पान न वाढून घेणारी तू भूक लागली की जेवायला बसू लागलीस. गावच्या जमिनीच्या कागदांवर ‘वाचल्याशिवाय सही करणार नाही’ असे काकांना तोंडावर सांगितलेस. शेजारच्या काकूंच्या पहिल्या केमोला दिवसभर त्यांच्याजवळ बसलीस आणि साठीच्या उंबरठ्यावर पेटी शिकायला लागलीस. रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅल्हून या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी मोठ्या आघातानंतर माणसात होणारी अशी वाढ मोजण्यासाठी १९९६ मध्ये २१ विधानांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. माणसांशी असलेले नाते, आयुष्यातल्या नव्या वाटा, स्वतःच्या बळाची जाणीव, आध्यात्मिक बदल आणि जगण्याचे मोल अशा पाच बाजू तिच्यात आहेत. त्यांपैकी चार बाजूंना तुला भरघोस गुण मिळतील. अध्यात्माच्या रकान्यात मात्र वाढायला जागाच नव्हती, कारण तुझी एकादशी त्याआधीही कधी चुकली नव्हती.

पण त्याच दोघांनी हेही मांडले आहे की ही वाढ आघात आपल्या हाताने देत नाही. जुन्या समजुती मोडल्यावर माणूस जी झटापट करतो तिच्यातून ती येते, आणि ती आली म्हणून दुःख निघून जाते असे नाही. ही वाढ आणि रोजच्या जगण्याची प्रत यांचा मेळ सगळ्या अभ्यासांत सारखा लागलेला नाही. म्हणूनच ‘कर्करोगाने मला खूप काही दिले’ अशी वाक्ये व्यासपीठावरून ऐकली की मला राग येतो. जे मिळाले ते तू मिळवलेस. आजाराने आणि उपचारांनी दिले ते वेगळेच आहे, आणि त्याची यादी तू कोणालाच सांगत नाहीस.

हाताचेच घ्या. शस्त्रक्रियेत डाव्या काखेतल्या लसिकाग्रंथी, म्हणजे शरीरातला द्रव गाळणाऱ्या गाठी, काढल्यामुळे तिकडचा द्रव नीट वाहून जात नाही, आणि पेटीचा भाता नेमका डाव्या हाताने चालवावा लागतो. शिकवणीच्या संध्याकाळी तुझा हात मनगटापासून कोपरापर्यंत तटतटतो. पाटल्या त्या हातात चढत नाहीत म्हणून दोन्ही उजव्या हातात घालतेस आणि विचारणाऱ्याला ‘हीच फॅशन आहे’ म्हणतेस. शिंप्याकडे ब्लाऊजची डावी बाही सैल ठेवायला सांगतेस. केमोने आलेल्या पायांच्या बधिरतेमुळे चप्पल निसटलेली तुला दोन पावले पुढे गेल्यावर कळते. हे मला माहीत आहे, शिंप्याला माहीत आहे, फक्त डॉक्टरांना माहीत नाही. सुजेला इलाज नाही असे समजून तू गप्प राहतेस, पण हातावर दाब देणारी खास घट्ट बाही (कॉम्प्रेशन स्लीव्ह), मालिश आणि शिकवलेला व्यायाम यांनी ती आटोक्यात ठेवता येते. हाताला विश्रांतीच द्यायची ही जुनी समजूतही आता टिकलेली नाही. अमेरिकेत अशी सूज असलेल्या १४१ स्त्रियांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवत केलेल्या व्यायामाने सूज बळावली नाही. तेव्हा पेटी सोडायची नाही. ती कशी वाजवायची, हे फिजिओथेरपिस्टला विचारायचे आहे.

फिट्झ्यू मुलन हे डॉक्टर स्वतः कर्करोगातून उठले होते. त्यांनी १९८५ मध्ये लिहिलेल्या लेखात रोगातून वाचलेल्यांचे तीन ऋतू, म्हणजे टप्पे, सांगितले आणि तिसऱ्या, कायमच्या ऋतूत रोग गेला तरी उपचारांच्या खुणा उरतात, हे वैद्यकाला बजावले. अशा खुणांवर लक्ष ठेवायला मुंबईच्या टाटा रुग्णालयात लहानपणी कर्करोग झालेल्यांसाठी उपचारानंतरचा वेगळा दवाखाना १९९१ पासून चालतो. तुझ्याही बाबतीत लाल रंगाच्या त्या केमोचा परिणाम हृदयावर आणि रोग परतू नये म्हणून पाच वर्षे घेतलेल्या गोळीचा हाडांवर उशिराही दिसू शकतो, म्हणून हृदयाचा इको आणि हाडांच्या घनतेची तपासणी पुन्हा केव्हा करायची, हेही या वेळी विचारावे.

बाबा, आता तुमच्याविषयी. तपासणीचा महिना आला की तुम्ही फाइल पुन्हा पुन्हा तारखेनुसार लावता, जेवताना बोलत नाही आणि रात्री बाहेरच्या खोलीत दिवा लावून बसता. रोग परतण्याची भीती बरोबर राहणाऱ्यालाही तितकीच असते, आणि तिच्याविषयी डॉक्टरांशी बोलण्यात कमीपणा नाही.

कर्करोग संशोधनातील ईओआरटीसी या युरोपीय संस्थेची जीवनमानाविषयीची ३० प्रश्नांची प्रश्नावली मी या पत्रासोबत पाठवते आहे. झोप, दुखणे, थकवा, विसराळूपणा, घरातले वातावरण अशा गोष्टी तिच्यात विचारल्या आहेत. शेवटच्या दोन प्रश्नांत गेल्या आठवड्यातील एकंदर प्रकृतीला आणि जगण्याच्या प्रतीला १ ते ७ यांपैकी एक आकडा द्यायचा असतो. आई, तू ती भरून फाइलमध्ये सर्वांत वर लाव आणि खुर्चीवर बसल्याबरोबर डॉक्टरांच्या हातात दे. बाबांनी शेवटच्या दोन प्रश्नांची आपली उत्तरे वेगळ्या कागदावर लिहावीत, आईच्या कागदात डोकावून नव्हे. तपासणीला मी येतेच आहे.

तुमची,
सौ. ताई