'जिद्दीने खेळली' असं छापू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या मंगळवारी आपल्या क्रीडा पानावर शालेय कबड्डी स्पर्धेची बातमी होती. विजयी संघातल्या एका मुलीबद्दल लिहिलं होतं, की मध्यंतरापूर्वी गुडघा दुखावूनही ती जिद्दीने मैदानात परतली आणि निर्णायक गुण मिळवून दिले. सोबत फोटो, गुडघ्याला क्रेप बँडेज. आमच्या स्टाफरूममध्ये सगळ्यांनी कौतुकाने वाचली. माझ्या मात्र पोटात गोळा आला. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये असंच बँडेज मी माझ्या हाताने एका पोरीच्या पायाला बांधलं होतं.

मी वाळवा तालुक्यातल्या एका शाळेत 22 वर्षं क्रीडाशिक्षक आहे. स्वतः कबड्डी खेळलोय, उजवा कॉर्नर. ती पोरगी आमची रेडर, म्हणजे चढाई करणारी, तेव्हा अकरावीत. नाव लिहीत नाही, पण हे पत्र पाठवण्याआधी तिला आणि तिच्या वडिलांना वाचून दाखवलंय.

त्या दिवशी तिला कुणी धरलंही नव्हतं. बोनसचा गुण टिपून ती मध्यरेषेकडे वळली, डावा पाय मॅटवर रोवलेला राहिला, धड उजवीकडे फिरलं आणि गुडघा आतल्या बाजूला गेला. बसली खाली. मी धावत गेलो तर म्हणाली, "सर, आत कायतर तुटल्यागत झालं." मी म्हणालो, "काही तुटलं नाही, चार पावलं चाल, मोकळा होईल." फवारा मारला, बँडेज आवळलं, दहा मिनिटांनी तिला परत आत पाठवलं. दोन गुण आणले तिने. आम्ही जिंकलो.

सांगलीहून निघालेली वडापची जीप आष्ट्याला पोहोचेपर्यंत तिची ट्रॅकपँट गुडघ्यावर इतकी घट्ट झाली होती की वर सरकेना. गुडघा नारळाएवढा.

आता जे मला कळतं ते तेव्हा कळायला हवं होतं. साधा मुरगळा असेल तर सूज सावकाश येते, बहुधा दुसऱ्या दिवशी. दोन-चार तासांत गुडघा टम्म फुगला तर ते बहुतेक वेळा आतमध्ये साठलेलं रक्त असतं, आणि रक्त साठतं ते आत काहीतरी फाटल्यावर. त्यात 'आवाज आला' किंवा 'तुटल्यागत झालं' असं खेळाडू स्वतः सांगत असेल, तर सगळ्यात आधी संशय घ्यायचा तो एसीएलचा. गुडघ्याच्या मधोमध मांडीच्या हाडाला नडगीच्या हाडाशी बांधणारा हा दोर. नडगी पुढे सरकू नये आणि पिळली जाऊ नये, हे त्याचं काम. गंमत अशी, की तो तुटायला धक्का लागावाच असं नाही. पळता पळता दिशा बदलताना, उडीवरून उतरताना, एकटाच असताना तो जास्त वेळा तुटतो. म्हणून आपल्याला वाटतं, कुणी हातसुद्धा लावला नाही, तर काय होणार आहे?

दुसऱ्या दिवशी गावातल्या दवाखान्यात एक्स-रे काढला. हाडं शाबूत. घरच्यांनी आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला. एक्स-रेत हाड दिसतं, दोर दिसत नाही, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. मग शेजारच्या गावातल्या चोळणाऱ्याकडे नेलं. 'वाटी सरकलीय, शीर चढलीय' असं निदान झालं. तेल लावून जोरात चोळणं, हिसडा देऊन पाय ओढणं, घरी आल्यावर मिठाच्या पुरचुंडीचा शेक, त्यावर आंबेहळद आणि रक्तबोळाचा लेप. पोरगी उशी दातांत धरून पडायची.

त्या माणसाला मी नावं ठेवत नाही. तालमीतल्या पोरांचे निखळलेले खांदे त्याने बसवलेले मी पाहिलेत, पैसे मागत नाही, पहाटे चारला उठवलं तरी येतो. पण आतला दोर दोन तुकडे झाल्यावर तो बाहेरून चोळून जुळणार कसा? आणि ताज्या दुखापतीवर पहिले दोन-तीन दिवस शेक आणि चोळणं म्हणजे आतल्या रक्ताला आणखी वाट करून देणं. आमच्याच शाळेतला एक मुलगा कोपरावर पडला होता. महिनाभर चोळून घेतलं, तर स्नायूत हाडासारखी गाठ धरली. आज त्याचा हात तोंडापर्यंत जातो, पण सरळ होत नाही.

खरं तर पहिल्या दिवशी करायचं ते फार थोडं होतं. खेळ थांबवायचा, फडक्यात गुंडाळून 15-20 मिनिटं बर्फ लावायचा, पट्टी बांधून पाय उंच ठेवायचा आणि हाडांच्या डॉक्टरला दाखवायचं. बर्फाने दुखणं कमी होतं, फाटलेलं सांधत नाही, पण तेवढंही आम्ही केलं नाही. मैदानाच्या दाराशी उभ्या असलेल्या गोळेवाल्याकडे बर्फ होता. माझ्या किटमध्ये नव्हता.

खरी फसगत पुढे झाली. तीन आठवड्यांत सूज ओसरली, पोरगी चालायला लागली, सरळ रेषेत पळायलाही लागली. चोळणाऱ्याचा गुण आला, असं सगळे म्हणाले. एसीएल तुटलेला माणूस सरळ चालू शकतो, सायकल चालवू शकतो. वळताना मात्र गुडघा दगा देतो. सरावात तो एकदा सटकला, तिने मला सांगितलं नाही. पुढच्या वर्षी बारावी, राज्य स्पर्धेपर्यंत पोहोचलो तर क्रीडा गुण मिळतील, हे तिच्या डोक्यात होतं. माझ्याही होतं. ऑक्टोबरमध्ये विभागीय स्पर्धेत दुसऱ्या रेडला गुडघा पुन्हा सटकला आणि वाकलेल्या अवस्थेत अडकला तो अडकलाच. सरळ होईना.

मिरजेला नेलं. डॉक्टरांनी तिला उताणं झोपवलं, गुडघा थोडा वाकवून एका हाताने मांडी धरली आणि दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढली. आधी चांगल्या पायाची, मग दुखऱ्या. चांगल्या पायाची नडगी खुंटीला बांधल्यासारखी जागच्या जागी थांबत होती. दुखऱ्या पायाची टेबलाच्या सैल खणासारखी पुढे आली. मला म्हणाले, "सर, बघा." अर्ध्या मिनिटाची तपासणी. एमआरआय नंतर झाला, त्यात तेच आलं आणि शिवाय आतली गादी, म्हणजे मेनिस्कस, फाटून सांध्यात अडकलेली. ऑगस्टमध्ये बहुधा फक्त दोर गेला होता, गादी या दोन महिन्यांच्या खेळण्यात गेली असावी, असं त्यांचं मत. या गादीला फक्त बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो. तिथे फाटली तर शिवता येते. आत फाटली तर बहुतेकदा तो भाग कापून काढावा लागतो, आणि गादी जितकी जाईल तितका गुडघा लवकर झिजतो. तिची काही शिवली, काही काढली. वय सोळा.

नोव्हेंबरमध्ये दुर्बिणीने शस्त्रक्रिया झाली. मांडीच्या मागच्या स्नायूची तिचीच कंडरा घेऊन, हाडांना भोकं पाडून नवा दोर ओवला. वडिलांनी पतसंस्थेतून कर्ज काढलं. गावात सगळ्यांना वाटलं, ऑपरेशन झालं, आता झालं. उपचार तर त्यानंतर सुरू झाले. आधी गुडघा पूर्ण सरळ करणं, यातच महिना गेला. मांडी इतकी सुकली होती की टेपने मोजली तर दुसरीपेक्षा 4 सेंटीमीटर बारीक. फिजिओ लांब, आठवड्यातून एकदा एसटीने जायचं. बाकीचे दिवस शाळेच्या व्हरांड्यात वाळूची पिशवी, ट्यूबचा तुकडा आणि एक पायरी, एवढ्यावर व्यायाम. फिजिओने एक गोष्ट सांगितली, ती मी वर्गात फळ्यावर लिहून ठेवली होती. बसवलेला नवा दोर लगेच जिवंत नसतो. पहिल्या दोन-तीन महिन्यांत तो उलट कमजोर होतो आणि मग हळूहळू त्यात रक्तवाहिन्या शिरून तो धरतो. म्हणजे जेव्हा दुखणं थांबतं, पोरगी म्हणते 'सर, आता एकदम ओके', नेमका तेव्हा तो कच्चा असतो. म्हणून खेळायला निदान नऊ महिने आणि तेही नुसतं कॅलेंडर बघून नाही. दोन्ही मांड्यांची ताकद मोजायची, एका पायावर उड्या मारून अंतर मोजायचं. दुखरा पाय चांगल्याच्या किमान 90 टक्क्यांवर आला पाहिजे.

मोठ्या खेळाडूंचं आपण वाचतो. कुस्तीतली विनेश फोगट 2016 ला रिओत गुडघा धरून स्ट्रेचरवरून बाहेर गेली, 2023 ला गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि 2024 ला पॅरिसमध्ये अंतिम फेरीपर्यंत पोहोचली. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा स्टीपलचेस धावपटू अविनाश साबळे 2025 च्या जुलैत मोनॅकोत पाण्याच्या अडथळ्यावर पडला, त्याचाही गुडघ्यातला हाच दोर तुटला. यांच्यामागे डॉक्टर, फिजिओ, आहारतज्ज्ञ असतात. आमच्या जिल्हा स्पर्धेत चार मॅट, मंडप, हार, प्रमुख पाहुण्यांसाठी सोफा होता. फिजिओ नव्हता.

आणखी एक. आमची पोरं वर्षभर मातीत खेळतात आणि स्पर्धेला एकदम मॅटवर उतरतात, तेही दुसऱ्याचे बूट घालून. मातीत पाय घसरतो, कातडं सोलतं, पण गुडघा सुटतो. मॅटवर चांगल्या पकडीचा बूट पायाला हलू देत नाही, मग पीळ वर गुडघ्यात जातो. त्यात मुलींना हा धोका मुलांपेक्षा किमान दुप्पट. त्यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. नॉर्वेत 13 ते 17 वयाच्या फुटबॉल खेळणाऱ्या सुमारे 1,900 मुलींवर एक प्रयोग झाला, 2008 साली तो प्रसिद्ध झाला. सरावाआधी 20 मिनिटं ठराविक व्यायाम: एका पायावर तोल, मांडीच्या मागच्या स्नायूंची ताकद, उडी मारून उतरताना गुडघा आत न पडू देणं. एकूण दुखापती जवळपास एक तृतीयांशाने कमी झाल्या, गंभीर दुखापती तर त्याहूनही जास्त प्रमाणात घटल्या. मी 22 वर्षं मैदानाला पाच फेऱ्या आणि हातपाय झटकणं यालाच वॉर्मअप म्हणत होतो. यंदापासून पोरी आधी भिंतीवरच्या आरशासमोर उड्या मारतात. आरसा शाळेच्या नाटकाच्या खोलीतला आहे, मुख्याध्यापकांनी दोनदा परत मागितलाय.

म्हणून आपल्याला विनंती, बातमीत 'दुखापतीची पर्वा न करता' हे वाक्य येऊ देऊ नका. ते वाचून पुढच्या गावातला माझ्यासारखा एखादा सर बँडेज आवळून पोरीला आत ढकलतो. त्या फोटोतल्या मुलीचा गुडघा त्याच दिवशी सुजला होता का, एवढं आपल्या वार्ताहराने तिच्या शाळेत फोन करून विचारावं. सुजला असेल तर तिला पुढच्या स्पर्धेआधी हाडांच्या डॉक्टरला दाखवा म्हणावं.

आमची पोरगी आता बारावीत आहे. शस्त्रक्रियेला 9 महिने उलटलेत. परवा व्हरांड्यात खडूची रेघ ओढून उड्या मोजल्या. उजव्या पायावर 142 सेंटीमीटर, डाव्यावर 122. म्हणजे 86 टक्के. ती म्हणाली, "सर, परत एकदा मोजूया का?" परत मोजलं, 121. तालुक्याच्या स्पर्धेसाठी 12 जणींची यादी काल मी पाठवली, त्यात तिचं नाव नाही. आपल्या वार्ताहराने 'दुखापतीमुळे माघार' असं छापलं तर माझी काही हरकत नाही.

आपला,
एक क्रीडाशिक्षक,
ता. वाळवा, जि. सांगली