बाबा, जुना कॉम्प्युटर कुठेही जाणार नाही

बेंगळुरू,
नोव्हेंबर २०२५

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर सगळं बोलून झालंय, तरी हे लिहितेय. फोनवर बाबा "बरं, बरं" म्हणतात आणि फोन ठेवला की पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसतात, हे मला कळलंय. आईवर चिडू नका, मीच तिला खोदून खोदून विचारलं. शिवाय जन्मभर पोस्टात काढलेल्या माणसाला कागदावर लिहिलेलं जास्त पटतं, हे मला माहीत आहे. वाचून झालं की पत्र कीबोर्डखाली ठेवा, लागेल तेव्हा हाताशी राहील.

आधी निर्णय सांगते. नवा कॉम्प्युटर घेतला आहे. पैसे दिलेले आहेत, दादा रविवारी सकाळी घेऊन येतोय. बाबा, पत्र खाली ठेवू नका, पुढचं वाचा. जुना कॉम्प्युटर कुठेही जाणार नाही. भंगारवाल्याला नाही, एक्स्चेंजमध्ये नाही, कामवाल्या मावशींच्या मुलालाही नाही. २०१९च्या महापुरात गावभागात पाणी चढत होतं तेव्हा तुम्ही आणि शेजारच्या काकांनी गादीत गुंडाळून तो माडीवर नेला, आणि माझ्या लग्नाचे अल्बम खाली राहिले. त्याचं मला तेव्हाही वाईट वाटलं नव्हतं, आजही वाटत नाही. त्यात तुमचा कुलवृत्तान्त, म्हणजे आपल्या घराण्याचा इतिहास आहे, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच तो जपायचा म्हणून नवा घेतलाय.

आता नक्की काय झालं ते सांगते, कारण तुम्ही मनाशी धरून बसलात की तुमच्या हातून काहीतरी भलतंच दाबलं गेलं.

विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबरला संपला. पेपरात वाचून तुम्हाला वाटलं की आता कॉम्प्युटर सुरूच होणार नाही, आणि नोव्हेंबरात हयातीचा दाखला अडकेल. तसं होत नाही. दर महिन्याला सुरक्षेच्या ज्या दुरुस्त्या येतात त्या येणं थांबतं. बँकेचं काम नेटवरून करणाऱ्याला त्याची काळजी घ्यावीच लागते, पण दुसऱ्या दिवशी सकाळी काही कोसळत नाही.

तुम्ही विंडोज ११ टाकायला गेलात, तेव्हा त्याने पहिल्याच पायरीवर सांगितलं की या मशीनवर चालणार नाही. ते खरं होतं. त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. आपला सहाव्या पिढीचा आहे. रॅम चार जीबी, म्हणजे जेमतेम. मग वरच्या मजल्यावरच्या मुलाने रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगांच्या नोंदवहीत, बदल करून ती तपासणी टाळली. त्याला काही बोलू नका, त्याने मनापासून मदत केली आणि ही युक्ती पुष्कळ लोक वापरतात. पुढची अडचण आली जागेची. शेवटी ७० आकडा असलेला तो एरर म्हणजे डिस्कवर जागा अपुरी. तुम्ही नातवाचे व्हिडिओ दुसरीकडे हलवून जागा केलीत, तेही अगदी बरोबर केलंत. आणि मग तो रात्रीचा प्रकार: टक्के चढत चढत गेले, मशीन दोनदा बंद होऊन सुरू झालं, आणि शेवटी निळ्या पडद्यावर "केलेले बदल मागे घेत आहोत".

तुम्ही पाठवलेल्या फोटोत शेवटी १०१ असलेला कोड स्वच्छ दिसत होता. तो कोड आला की बहुतेक वेळा एखादा ड्रायव्हर, म्हणजे जोडलेली वस्तू चालवणारा छोटा प्रोग्रॅम, अडलेला असतो, कुठला ते तो सांगत नाही. पण इन्स्टॉलेशन फसलं की विंडोज त्याची नोंद ठेवतं, 'पँथर' नावाच्या एका लपवलेल्या फोल्डरात. रविवारी आईने फोन स्क्रीनसमोर धरला होता तेव्हा मी तुमच्याकडून तेच फोल्डर उघडून घेत होते. सगळं मागे फिरायच्या आधीच्या ओळींमध्ये पुन्हा पुन्हा एकच नाव येत होतं: मराठी फाँटच्या सॉफ्टवेअरबरोबर आलेल्या डोंगलचा ड्रायव्हर. मागच्या बाजूला लावलेलं ते हिरवं, जे लावल्याशिवाय ते सॉफ्टवेअर उघडत नाही आणि ज्याला आई "बाबांची किल्ली" म्हणते.

म्हणजे तुम्ही काहीही चुकीचं दाबलं नव्हतं. त्या जागी मी असते तरी हेच झालं असतं. आणि इन्स्टॉलेशन फसल्यावर त्याने जुनं सगळं जागच्या जागी परत ठेवलं. कुलवृत्तान्ताचं फोल्डर मी तुमच्याकडून उघडून घेतलं ते त्याचसाठी. सगळी प्रकरणं आहेत, मिरजेच्या शाखेचा अर्धा राहिलेला तक्ता आहे, आजोबांच्या हातच्या टिपणांचे स्कॅन आहेत. एक कानामात्रा हललेली नाही.

डोंगलचं सॉफ्टवेअर काढून टाकलं तर ११ कदाचित बसलंही असतं. पण मग कुलवृत्तान्त उघडला नसता. त्या जुन्या फाँटमधली फाईल दुसऱ्या मशीनवर उघडली की इंग्रजी अक्षरांचा नुसता कचरा दिसतो, कारण ती युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या मशीनना कळणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत, नाही. ते सॉफ्टवेअर आता नव्याने मिळेल, नव्या विंडोजवर चालेल, याची मला खात्री देता येत नाही. एवढ्या वर्षांचं काम मी अशा भरवशावर टाकणार नाही.

मी बाकीचे मार्गही पाहिले. नाव नोंदवलं की १०ला १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. पण म्हणजे पुढच्या दिवाळीला पुन्हा हेच, पुन्हा तीच धाकधूक. ऑफिसमधला एक जण म्हणाला विंडोजऐवजी लिनक्स टाक, फुकट आहे, जुन्या मशीनवर हलकं चालतं. त्याचं म्हणणं खरं आहे. पण या वयात तुम्हाला सगळं नव्याने शिकायला लावायचं, हे मला नको होतं. वयाचं मनावर घेऊ नका, बाबा. तुमची शिकायची तयारी माझ्याहून जास्त आहे. पण त्या शिकण्यात जो वेळ जाईल तो कुलवृत्तान्तासाठी हवा आहे, आणि डोंगलचा प्रश्न तिथेही सुटत नाहीच.

आता खरं कारण लिहिते. त्या रात्री तुम्ही टक्के बघत दीड वाजेपर्यंत बसलात. संध्याकाळची गोळी वेळेवर घेतलीत आणि जेवण "एवढं होऊ दे" म्हणत पुढे ढकललंत. हात थरथरायला लागले, घाम फुटला, आणि आईने साखर तपासली तर ५८. आईने साखरपाणी पाजलं म्हणून निभावलं. मला हे तीन दिवसांनी कळलं. ऐकल्यावर मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन बसले होते. तुमच्या दोघांपासून इतक्या लांब असण्याचं मला एरवीही बोचतं, त्या दिवशी सहन झालं नाही. कुठलंही इन्स्टॉलेशन अर्ध्यावर सोडून जेवायला उठता येतं. ते आपल्या गतीने चालू राहतं, माणसाने समोर बसल्याने लवकर होत नाही.

तेव्हा व्यवस्था अशी केली आहे. जुना कॉम्प्युटर त्याच कोपऱ्यात, त्याच टेबलावर राहील. फक्त नेटची वायर काढायची आणि वायफायचं ते छोटं पिन दादा काढून घेईल. नेट नसलं की सपोर्ट संपल्याचा धोका जवळजवळ उरतच नाही. कुलवृत्तान्त, स्कॅनर, प्रिंटर, सगळं तिथेच, आहे तसं. खुर्ची आणि पाठीची उशीसुद्धा हलवायची नाही. रोज दुपारी चहा झाल्यावर तुम्ही बसता तसंच बसा.

नवा हॉलमध्ये, खिडकीच्या बाजूच्या टेबलावर. बँक, ईमेल, लाईटबिल, आमच्याशी बोलणं त्याच्यावर. डावीकडे उजेड येईल, डोळ्यावर येणार नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तुम्हाला बारीक अक्षरं त्रास देतात म्हणून सगळं दीडपट मोठं करून ठेवलंय. आई, तुझ्या सकाळच्या हरिपाठासाठी आणि कीर्तनांसाठी वेगळा स्पीकर आहे, त्याचं गोल बटण फिरवलं की आवाज वाढतो, स्क्रीनवर काही शोधायचं नाही. नातू त्यात मोठा दिसेल, फोनसारखा चिमुकला नाही. आणि बाबा, तुमची बोटं मराठी टाइपरायटरला बसलेली आहेत, म्हणून नव्यावर रेमिंग्टनचीच मांडणी टाकून घेतली आहे. इनस्क्रिप्टची ती दुसरी मांडणी शिका असं मी कधीच म्हणणार नाही.

कुलवृत्तान्त हळूहळू युनिकोडमध्ये आणायचं काम माझं. पहिल्या प्रकरणाची फाईल दादाबरोबर पाठवा. बदलताना जोडाक्षरं फुटतात, पहिली वेलांटी चुकीच्या अक्षराला जाऊन चिकटते, रफार एक घर सरकतो. कुलकर्णी, धर्माधिकारी, दर दुसऱ्या ओळीत आपल्याकडे रफार आहे. ते मी मशीनवर सोडणार नाही, एकेक पान वाचून काढीन आणि छापून तुम्हाला तपासायला पाठवीन. लाल पेनने खुणा करा, आधी माझ्या निबंधांवर करायचात तशा.

लहानपणी तुम्ही मला सुट्टीत पोस्टात न्यायचात ते आठवतंय का? सकाळी शिक्क्यातली तारीख बदलायचात, तो इवलासा आकडा चिमट्याने काढून दुसरा बसवायचात, आणि मग टपालावर उठवायच्या आधी कोऱ्या कागदावर एक ठसा उठवून बघायचात. मी विचारलं होतं, रोज का बघायचं? तुम्ही म्हणालात, "एक तारीख चुकली की दिवसभराची सगळी टपालं चुकतात." मी आज जे काम करते त्यातलं निम्मं मला तिथेच मिळालंय. नव्या कॉम्प्युटरवरही मी आधी दुसऱ्या डिस्कवर तुमच्या सगळ्या फाईलींची नक्कल करून घेईन, ती उघडून बघीन, आणि मगच पुढचं काही करीन.

आता नीट ऐका. गुगलवर नंबर शोधून कुणालाही फोन करायचा नाही. त्या दिवशी तो गोड बोलणारा माणूस तुम्हाला स्क्रीन दाखवायचं ॲप टाकायला सांगत होता, ते टाकलं असतं तर तुमचा कॉम्प्युटर त्याच्या हातात गेला असता आणि बँकेचं पान उघडल्यावर त्याला सगळं दिसलं असतं. आई, तू सरळ प्लग ओढलास, त्याहून चांगलं मलाही सुचलं नसतं. "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे" असं सांगायला कुठलीच कंपनी आपणहून फोन करत नाही. आला तर ठेवून द्या, उद्धटपणा वाटला तरी. आणि कधी पैसे गेल्यासारखं वाटलं तर वेळ न घालवता १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावायचा, मग मला. मला काय वाटेल याचा विचार करत बसू नका. लवकर कळवलं तरच पैसे अडवता येतात.

जुन्यावर कुणी कितीही आग्रह केला तरी नेट जोडायचं नाही, अपडेट करायचं नाही, फॉरमॅट करायचं नाही. दोन्ही मशीनमध्ये फक्त लाल पेनड्राइव्ह फिरेल. झेरॉक्सच्या दुकानात न्यायचा तो निळा.

हयातीच्या दाखल्याला कॉम्प्युटर लागतच नाही. आईच्या फोनवर दाखल्यासाठीचं जीवन प्रमाणचं ॲप आणि चेहरा ओळखणारं आधार फेस आरडी, ही दोन्ही दादा टाकून देईल. आधार, पीपीओ (पेन्शनच्या आदेशाचा) नंबर आणि पेन्शनच्या खात्याचा नंबर जवळ ठेवा. चेहरा खिडकीकडे करून, काळा चष्मा काढून उभं राहायचं, डोळे मिचकवायला सांगेल तेव्हा मिचकवायचे, की झालं. नाहीच जमलं तर पोस्टमन घरी येऊन करून देतो. तुमच्याच खात्याचा माणूस येईल, त्याला चहा पाजा. पण ३० तारखेची वाट बघू नका, रविवारीच उरकून घ्या.

बाबा, पैशांवरून दादाशी वाद घालू नका. आम्ही दोघांनी मिळून घेतलाय आणि आमचं त्यात काही अडलेलं नाही. तुम्हाला न विचारता घेतला हे तुम्हाला लागेल, हे मला कळतं. विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात, आणि मग मी रोज रात्री दहाला फोन करून "जेवलात का" विचारत राहिले असते. तो फोन तसाही येणारच आहे.

आई, बीपीची गोळी संपत आली असेल, दादाकडे चिठ्ठी दे. आणि भडंग पाठवायची खटपट करू नकोस, महिनाअखेर मी येतेय, तेव्हा मीच घेईन.

तुमची,
ताई

ता. क. दादा येण्याआधी जुन्या कॉम्प्युटरच्या मागच्या वायरी काढू नका. डोंगल कुठल्या खाचेत आहे त्याचा एक फोटो काढून ठेवा, आणि स्कॅनरची वायर पडद्यामागून न नेता भिंतीकडून न्यायला सांगा, बाबांचा पाय अडकतो.