प्रश्न विचारून निघून जाणारे

महोदय,

गेल्या महिन्यात आमच्या मानखुर्दच्या वस्तीत मानसिक आरोग्याच्या सर्व्हेसाठी दोन मुलं टॅब घेऊन आली. शेजारच्या वहिनींना त्यांनी दारातच विचारलं, 'गेल्या दोन आठवड्यांत, मेलेलं बरं असं वाटलं का?' मागे सासूबाई भाजी निवडत बसलेल्या, समोर नळावर चार बायका. वहिनी 'नाही' म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?

नैराश्य मोजण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीतला हा शेवटचा प्रश्न. त्यात चूक काही नाही. पण दहा बाय बाराच्या खोलीत एकांत कुठून आणायचा, हे कोणी ठरवलेलंच नव्हतं. संमतीपत्र इंग्रजीत. वहिनींनी सही केली ती रेशनकार्डाचं काम असेल म्हणून! भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ची नियमावली तर समजेल अशा भाषेत माहिती देऊनच संमती घ्या म्हणते.

उत्तर 'हो' आलं असतं तर पुढे काय, असं मी विचारलं. मुलं एकमेकांकडे बघत राहिली (बिचारी रोजंदारीवरची). 'टेलिमानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांकही त्यांना ठाऊक नव्हता. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार आजारागणिक ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांविना राहतात. अशा ठिकाणी संशोधकांनी निदान जवळच्या ओपीडीशी आधी बोलून यावं, आणि मंजुरी देणाऱ्या नैतिकता समित्यांनी वस्तीतलं एखादं माणूस सोबत घ्यावं.

निष्कर्ष कळवू म्हणाले होते. अजून कुणी फिरकलेलं नाही.

– एक वाचक, मानखुर्द, मुंबई